नेकारकाठचं स्नानगृह आणि पहिल्या अधिकाचं वाण

रविवार, ७ जून. स्थळ: जर्मनीत नेकार नदीच्या काठी एका लहान गावातलं रोमन अवशेषांचं संग्रहालय. प्रवेश माणशी सहा युरो, चौघांचे चोवीस. ते जावयांनी दिले. मी पाकीट काढलं होतं, पण त्यांनी कार्ड आधी टेकवलं. हजर: मी, पत्नी सुनंदा, मुलगी मुक्ता आणि जावई अनिकेतराव.

बांधकाम खात्यात अंदाजपत्रकं करण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे सुरुवात अशी होते. सांगलीहून निघताना आमच्या निवृत्तांच्या मंडळातल्या लोकांना कबूल केलं होतं की जे पाहीन ते लिहून आणीन. त्याप्रमाणे लिहितो आहे. त्यात घरचं फार आलं आहे; ते टाळून लिहायला बसलो तर एक पानही होईना.

आम्ही गेलो होतो ते धोंड्याच्या महिन्यासाठी. मुक्ताच्या लग्नाला अडीच वर्षं झाली आणि हा लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. आमच्याकडे पहिल्या अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. लेक-जावई जोडीने उभे राहतात, त्यांना त्या दिवसापुरते लक्ष्मीनारायण मानतात. सुनंदाने तांदूळ भिजवण्यापासून सगळं घरी केलं. दुधातुपाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत असं कोणी सांगितलं, म्हणून तळण तेलात. मोडतोड धरून चाळीस केले. फ्रँकफर्टच्या विमानतळावर डबा उघडायला लावला, तेव्हा सुनंदा त्या अधिकाऱ्याला मराठीत म्हणाली, "जावयाचे आहेत, हात लावू नका." त्याने खसखशीकडे निरखून पाहिलं आणि झाकण लावलं.

मुक्ता वाल्डॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अनिकेतराव मोटारींचे इंजिनिअर, नोकरी नेकारसुल्मला. आम्ही पोचलो तेव्हा ते घरी नव्हते. "प्रोजेक्ट आहे, तिकडेच राहावं लागतं," असं मुक्ताने आईला सांगितलं. सुनंदाचा विश्वास बसला. माझाही बसला होता, शनिवार संध्याकाळपर्यंत.

शनिवारी मुक्ता मला रिकाम्या बाटल्या टाकायला घेऊन गेली. चौकात मोठ्या लोखंडी पेट्या असतात; पांढरी, तपकिरी, हिरवी, प्रत्येक काचेला वेगळी. रविवारी तिथे बाटल्या टाकायच्या नाहीत, आवाज होतो. मला ही व्यवस्था आवडली आणि मी तसं बोललो.

"बाबा, एक सांगायचंय. मध्ये बोलू नका," मुक्ता म्हणाली. "अनिकेत आता माझ्याबरोबर राहत नाही."

"प्रोजेक्ट आहे ना."

"प्रोजेक्ट नाहीये. सप्टेंबरात त्याने तिकडे खोली घेतली. आमचं ट्रेनुंग्सयार (घटस्फोटाआधी कायद्याने वेगळं राहण्याचं वर्ष) चालू आहे. ते संपलं की कोर्टात अर्ज."

"ती हिरवी आहे," मी म्हणालो. "तू पांढऱ्यात टाकतेयस."

तिने बाटली हातातच धरली. "मी काय सांगितलं ते कळलं का तुम्हाला?"

"कळलं."

"आईला तुम्ही परत गेल्यावर फोनवर सांगेन. इथे नको. इथे तिला गळ्यात पडून रडायला मावशी नाही, कोणी नाही."

"मग उद्या ते कशाला येतायत?"

"तुमच्यासाठी. म्हणाला, आईबाबा एवढ्या लांबून आलेत, मी येतो. तो चांगलाच आहे हो बाबा. वाईट असता तर सोपं गेलं असतं."

घरी जाताना मी मनाशी हिशेब मांडला. भिंतीला भेग दिसली की ती गिलाव्यातली आहे की पायातली, हे आधी बघावं लागतं. सासूसासऱ्यांसाठी जो माणूस सुट्टीचा दिवस देतो, त्याची भेग गिलाव्याची असणार. लिंपता येईल. उद्या दोघांशी बोलायचं ठरवून मी झोपलो.

सकाळी सुनंदाने जांभळी इरकल नेसली. डबा, तांब्याचं ताम्हण, निरांजन आणि काडेपेटी एका पिशवीत भरली. "ते घरी येत नाहीत तर आपण जिथे भेटतील तिथे देऊ. महिना संपत आला," ती म्हणाली. मुक्ता गॅलरीत जाऊन उभी राहिली.

वाल्डॉर्फच्या स्टेशनावरून हायडेलबर्ग आणि तिथून नेकारच्या खोऱ्यातून वर, असा रस्ता आहे. खोरं सुंदर आहे, हे नोंदवलं पाहिजे. नदी आपल्या कृष्णेपेक्षा अरुंद, पण जागोजागी बांध घालून ती भरलेली ठेवली आहे. त्यावरून वाळू, कोळसा वाहणारी लांबलचक जहाजं जातात आणि जहाजाच्या मागच्या टोकाला चालकाचं घर, त्याच्या खिडकीला पडदे, शेजारी त्याची मोटारसुद्धा. दोन्हीकडे डोंगर, तांबड्या दगडाचे किल्ले. पुढे द्राक्षाचे मळे इतक्या चढावर की आमच्या तासगावच्या बागायतदाराने पाहून हात जोडले असते. गाडी मध्येच एका स्टेशनावर थांबली. पुढे रूळ दुरुस्ती, एर्झात्सबुस (बदली बस) घ्या असं सांगण्यात आलं. ती कुठून सुटते हे तीन माणसांना विचारलं, तिघांनी तीन दिशा दाखवल्या. जर्मनीबद्दल माझ्या ज्या कल्पना होत्या त्यातली एक तिथे कमी झाली.

बसमध्ये सुनंदाशेजारी एक म्हातारी बाई बसली होती. मांडीवरचा डबा पाहून तिने काहीतरी विचारलं. सुनंदाने वरच्या थरातला, मोजणीबाहेरचा एक अनारसा काढून तिच्या हातावर ठेवला. तिने खसखशीवर बोट ठेवलं, "मोन (खसखस)?" म्हणाली, खाल्ला आणि दोन्ही डोळे मिटले. मग मुक्ताकडे वळून पुन्हा काही विचारलं.

"काय म्हणतेय?" सुनंदाने विचारलं.

"कोणासाठी आहेत विचारतेय."

"मग सांग की."

मुक्ताने जे सांगितलं त्यातला 'फामिली' एवढाच शब्द मला समजला. नवरा या अर्थाचा शब्द मी सांगलीहून पाठ करून गेलो होतो. तो त्यात नव्हता.

अनिकेतराव बसथांब्यावर उभे होते. तिथेच, सायकलींच्या मध्ये, वाकून दोघांच्या पाया पडले. वाळले होते.

"अहो, काय ही तब्येत! जेवता की नाही तिकडे?" सुनंदा म्हणाली, आणि मुक्ताला, "तुझं लक्ष कुठे असतं गं?"

"कँटीनचं खातो, आई. छान असतं," ते म्हणाले. मग मुक्ताला म्हणाले, "हॅलो."

"हॅलो. तुझी दोन पत्रं आलीयेत. विम्याची."

"जा, जा (हो, हो). घेतो."

दोघं एकमेकांशी फार नीट बोलत होते. आमच्या ऑफिसात बदली होऊन गेलेल्या माणसाशी आम्ही असं बोलायचो.

संग्रहालय म्हणजे शेतात उभारलेला काचेचा आणि लाकडाचा मोठा मांडव. त्याखाली रोमन छावणीचं स्नानगृह जसं सापडलं तसं ठेवलं आहे, आणि लागून दोन दालनं. आत पिशव्या नेता येत नाहीत. त्यासाठी लहान कपाटं आहेत, एक युरोचं नाणं घातलं की कुलूप लागतं, नाणं परत मिळतं. आमचा डबा कपाटात जाईना. तिकिटावरचे गृहस्थ सौम्य होते. त्यांनी पिशवी घेतली आणि टेबलाखाली, स्वतःच्या बुटांशेजारी ठेवली.

"अगंबाई! पायाशी नको. वाण आहे ते!" सुनंदा ओरडली.

अनिकेतरावांनी जर्मनमध्ये काही सांगितलं. गृहस्थांनी चटकन पिशवी उचलली, टेबलावर चित्रपोस्टकार्डांच्या स्टँडशेजारी ठेवली, आणि तिच्याकडे पाहून अदबीने मान लववली. "काय सांगितलंत त्यांना?" सुनंदाने विचारलं. "देवाचं आहे म्हणून सांगितलं," अनिकेतराव म्हणाले. तिला केवढं कौतुक वाटलं! मला म्हणाली, "बघितलंत? इथे राहून काही विसरले नाहीत."

पहिल्या दालनात लाल मातीची चकचकीत भांडी, हाडाच्या केसांच्या पिना, लोखंडी किल्ल्या आणि पितळेची गाळणी आहे. ती आपल्या चहाच्या गाळणीहून मोठी, पण भोकांची नक्षी काढलेली. एका कौलावर कुत्र्याच्या पायाचा ठसा. कौल ओलं असताना कुत्रं त्यावरून गेलं, कारागिराने ते टाकून न देता तसंच भाजलं. आमच्या खात्यात असं कौल नापास झालं असतं. मुक्ता तिथे बराच वेळ थांबली. लहानपणी तिला कुत्रं हवं होतं, मी आणू दिलं नाही. पण आता ती काय विचार करते हे मला सांगता येणार नाही. गेले काही महिने ती काय विचार करत होती तेही कुठे कळलं होतं!

दुसऱ्या दालनात थडग्यांचे दगड आहेत. त्यातल्या एकावर नवरा-बायको शेजारीशेजारी कोरले आहेत. नंतर कोणीतरी तो दगड गटारावर झाकण म्हणून पालथा घातला होता, त्यामुळे नाकं झिजून गेली आहेत. "जोडीने उभे आहेत बघा," सुनंदा म्हणाली. "मुक्ता, अनिकेतराव, उभे राहा इथे, फोटो काढते." ते राहिले. मधे एक माणूस मावेल एवढी जागा होती. "जवळ सरका की. लाजताय काय म्हाताऱ्यांना?" सुनंदा हसत म्हणाली. दोघंही सरकले. फोटो आहे. चांगला आला आहे.

मांडवाखालचं स्नानगृह मात्र मी खरोखर मन लावून पाहिलं. तांबड्या दगडाच्या भिंती कमरेएवढ्या उरल्या आहेत. जमिनीखाली विटांचे बुटके खांब ओळीने. त्यांच्यावर फरशी होती. बाहेरच्या भट्टीतली गरम हवा त्या खांबांमधून फिरायची आणि भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर जायची, म्हणजे फरशी आणि भिंत दोन्ही ऊबदार. चुन्याचा दर्जा असा, की मी नखाने उकरून पाहणार होतो, पण पाटी होती. ते तिकिटावरचे गृहस्थ फेरी मारत आमच्यापाशी आले. मी अनिकेतरावांना म्हटलं, "विचारा त्यांना, एवढं पक्कं बांधकाम पाडलं कोणी?"

त्यांनी विचारलं. गृहस्थ सावकाश, हात हलवत बोलले.

"म्हणतायत, पाडलं कोणीच नाही, बाबा. जळल्याची खूणसुद्धा इथे मिळालेली नाही. छावणी हलली, माणसं कमी झाली, भट्टीला लाकूड आणणारं कोणी राहिलं नाही. आल्झो (म्हणजे), ते बंद पडलं. पुढे गावातल्यांनी दगड उचलून नेले."

गृहस्थ गेले. सुनंदा आणि मुक्ता पलीकडच्या टोकाला होत्या. मी बोललो.

"मुक्ताने सांगितलंय मला."

त्यांनी कठड्यावरचा हात काढून खिशात घातला. "मला वाटलंच होतं. तुम्ही बसमधून उतरलात तेव्हाच."

"चूक कोणाची, हे विचारत नाही. दुरुस्ती काय, ते सांगा. तिला काही समजवायचं असेल तर मी समजावतो. तुमच्या घरी काही बोलायचं असेल तर मिरजेला जाऊन बोलतो."

"चूक सापडली असती तर आम्हीच दुरुस्त केली असती, बाबा. दोघं इंजिनिअर आहोत." ते हसले नाहीत. "दोघंही घरून काम करायचो. ती एका खोलीत, मी दुसऱ्या खोलीत. जेवायला कधी, हे मेसेजवर विचारायचो. नंतर तेही विचारेनासे झालो. एकदा मी चार दिवस म्युनिकला जाऊन आलो. आलो तर तिला मी गेलो होतो हे आठवलं नाही. आणि मी गेलो होतो हे तिला सांगितलंय की नाही, ते मला आठवलं नाही."

"भांडणं?"

"एकही नाही."

"दुसरं कोणी?"

"नाही. तिलाही नाही. शपथेवर सांगतो."

"मग पुन्हा एकत्र राहून बघा. सहा महिने बघा."

"बघितलं, फेब्रुवारीत. तीन आठवडे. पाहुण्यासारखी वागली माझ्याशी. मीही." मग म्हणाले, "इथलं कोर्ट कारण विचारत नाही. मला वाटायचं, ते बरं आहे. आता वाटतं, कोणीतरी विचारायला हवं होतं."

मी ज्या कामासाठी सकाळपासून शब्द जुळवत होतो ते काम इथे संपलं. लिंपायला भेगच नव्हती. मी विटांचे खांब पाहत उभा राहिलो.

बाहेर हिरवळीवर छावणीच्या तटाचा पाया उघडा ठेवला आहे, आणि एका लिंडेनच्या झाडाखाली लाकडी टेबल-बाक आहेत. मुक्ताने कॅफेतून चौघांना कॉफी आणि रुबार्बचा केक आणला. रुबार्ब म्हणजे अळूच्या देठासारखा देठ, चव चुक्यासारखी आंबट. कॉफी संपल्यावर सुनंदाने टेबल पुसलं आणि ताम्हण मांडलं. तेहतीस अनारसे मोजून तीन थरांत रचले. निरांजनात वात घातली, काडी ओढली, तेवढ्यात ते सौम्य गृहस्थ लगबगीने आले. अवशेषांजवळ विस्तव चालत नाही. सुनंदाने काडी फुंकली. "राहू दे. देवाला कळतं," म्हणाली.

मी काही केलं नाही. तेव्हा उठून तिला बाजूला घ्यायला हवं होतं, हे मला दिसत होतं. पण तिने कपाळाचा घाम पुसून पदर खोचला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मोडायला माझा हात धजेना.

"अनिकेतराव, पूर्वेकडे तोंड करा. पूर्व कुठे आहे हो इथे? मुक्ता, ये, त्यांच्या उजव्या हाताला उभी राहा."

सुनंदाने ताम्हण उचललं. अनिकेतराव उभे राहिले. मुक्ता बाकावरून उठली नाही.

"अगं ये ना. वाण जोडीला देतात."

"आई, मी नाही येणार."

"का? अडचण आहे का? मग सकाळीच सांगायचंस."

"अडचण नाही. आम्ही जोडी नाही आहोत आता. सप्टेंबरपासून वेगळे राहतोय. मला फोटोला उभं राहता आलं, पण ह्याला नाही राहता येणार. हे खोटं मला जमणार नाही."

सुनंदाने ताम्हण खाली ठेवलं नाही. ते धरूनच तिने माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा वाचला आणि नजर काढून घेतली. मग जावयाकडे वळली.

"हात उगारलात?"

"नाही, आई."

"पिता?"

"नाही."

"बाई आहे?"

"नाही."

"हिने काही केलं?"

"नाही."

"मग झालं काय? कोणीतरी सांगा मला. मी काही अडाणी नाही. सांगितलं तर समजेल मला!"

"काही झालं नाही, आई," मुक्ता म्हणाली. "आमच्यात काही होतच नव्हतं."

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब सॉसेज खात होतं. त्यांनी बोलणं थांबवून पाहिलं आणि सभ्यपणे पुन्हा खायला लागले.

सुनंदाने ताम्हण पुढे केलं. "धरा. निदान तुम्ही धरा. पहिलं वाण आहे, माझ्या हातात राहू देऊ नका."

अनिकेतरावांनी दोन्ही हात पुढे आणले आणि मागे घेतले. "मी घेतलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल, आई. मी यायलाच नको होतं. मला वाटलं, तुम्ही आलात, तुमचा दिवस चांगला जावा." त्यांचे डोळे भरले होते. वाकून ते तिच्या पाया पडले. तिच्या हातात ताम्हण असल्यामुळे तिला डोक्यावर हात ठेवता आला नाही. त्या मुलाचा मला राग येईना, आणि राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

वाण परत घरी नेत नाहीत. सुनंदा ताम्हण घेऊन तडक नदीकडे चालू लागली. कुरण ओलांडलं की काठ आहे. मुक्ता तिच्या मागे धावली, आम्ही दोघं सावकाश गेलो. आम्ही पोचलो तेव्हा सुनंदा पाण्याशी उभी होती, बदकं तिच्याकडे पोहत येत होती, आणि मुक्ता शेजारची पाटी दाखवत म्हणत होती, "आई, इथे पाण्यात खायचं टाकायला बंदी आहे. दंड होतो."

"इथे टाकायलासुद्धा जागा नाही का गं?" सुनंदा म्हणाली आणि काठावरच्या गवतात बसली. इरकल नेसून, पाय पुढे करून, लहान मुलीसारखी. मुक्ता तिला चिकटून बसली. दोघी रडल्या. जी मावशी तिथे नव्हती तिची जागा मुलीलाच घ्यावी लागली.

रविवारी संध्याकाळी बदली बसही नव्हती. त्यामुळे आम्हाला अनिकेतरावांच्याच गाडीतून परत यावं लागलं. मायलेकी मागे, मी पुढे. तासाभराचा रस्ता, आणि बोलायला विषय नाही. मी महामार्गाच्या पृष्ठभागाबद्दल विचारलं. त्यांनी काँक्रीटची जाडी, सांधे, दुरुस्तीची पद्धत सगळं सांगितलं. मी प्रश्न विचारत राहिलो, ते उत्तरं देत राहिले. माझ्या माहितीत भर पडली. वाल्डॉर्फला घरासमोर त्यांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही.

"वर या, चहा घ्या," हे सवयीने सुनंदाच म्हणाली.

"नको, आई. येतो." त्यांनी 'येतो' म्हटलं. आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत.

त्यानंतर आम्ही कुठे फिरलो नाही. अनारसे चहाबरोबर संपले. सुनंदाने एकही खाल्ला नाही. तिने मला एकदाच विचारलं, "तुम्हाला आधी माहीत होतं?" मी "आदल्या दिवशी" म्हणालो. "एक दिवस मला जास्त मिळाला म्हणायचा," ती म्हणाली. त्यात टोमणा होता की नाही, मी विचारलं नाही.

गुरुवारी मुक्ता आम्हाला शेजारच्या वीसलोख गावात एक घर दाखवायला घेऊन गेली. आताचं भाड्याचं घर दोघांच्या नावावर आहे, एकीच्या पगारात जड जातं. नवं म्हणजे एक खोली, स्वयंपाकाचा ओटा तिथेच कोपऱ्यात, खिडकीतून चर्चचं घड्याळ. मी भिंतींना ओल आहे का पाहिलं, नव्हती. सुनंदाने नळ सोडून पाहिला. वयस्कर घरमालकिणीने विचारलं, किती माणसं राहणार? मुक्ताने एक बोट वर केलं. जर्मन तिला उत्तम येतं, तरी बोट वर केलं. बाई कागद आणायला गेल्या तेव्हा सुनंदा मला हळूच म्हणाली, "अहो, स्वित्झर्लंडला जायचे म्हणून पैसे आणलेत ना, ते हिला द्या. आपल्याला काय करायचंय बर्फ बघून."

सांगलीला आल्यावर तिसऱ्या दिवशी मी मिरजेला व्याह्यांकडे गेलो. त्यांना मुलाने फोनवर सांगितलं होतं. विहीणबाईंनी पोहे केले होते. व्याही म्हणाले, "रस्ते कसे आहेत हो तिकडचे?" मी म्हणालो, "चांगले आहेत." मी पोहे संपवले. मग ते म्हणाले, "आमचं काही चुकलं का?" मी म्हणालो, "नाही. आमचं?" ते म्हणाले, "नाही हो." निघताना त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं. पुन्हा केव्हा, असं दोघांपैकी कोणीही म्हटलं नाही.

मंडळातले लोक विचारतात, ते संग्रहालय पाहण्यासारखं आहे का. आहे. दोन तास पुरतात. दगडांचे थर नीट राखले आहेत, पाट्या वाचनीय आहेत, कॉफी बरी आहे. पण ते कसं मोडलं हे कळलं म्हणजे मनाचं समाधान होईल, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. मी ठेवली होती. रात्री कधी जाग आली तर मी अजूनही कारण शोधत असतो आणि पहाटेपर्यंत एकही हाती लागत नाही.

जर्मनीत शेवटी दिलेली रक्कम: सोळाशे वीस युरो, रोख, तीन महिन्यांच्या भाड्याइतकी काउत्सिओन (अनामत). दिली वीसलोखच्या त्या घरमालकीण बाईंना. पावती मुक्ताच्या एकटीच्या नावावर आहे.